एक वेल, चार रंग : किशमिश, कुवेत आणि आपला किद्दुशचा प्याला

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



पांढऱ्या द्राक्षारसाचे एक वाण आणि कुवेतचा देश, या दोहोंची सांगड घालणारा आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. कुवेतमध्ये १९६४ च्या कायद्याने मद्यविक्रीस बंदी घातली गेली आणि ती आजही कायम आहे. तेथे वर्षाकाठी पाऊस शंभर-सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. २१ जुलै २०१६ रोजी तेथील मित्रिबा या ठिकाणी ५३.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा भूमीत द्राक्षमळे नाहीत आणि मद्याचे कारखानेही नाहीत. तरीसुद्धा जगातील एका अतिशय जुन्या पांढऱ्या द्राक्षाचे नाव तेथील प्रत्येक स्वयंपाकघरात रोज उच्चारले जाते. ते नाव म्हणजे किशमिश.

कुवेतचा मानाचा पदार्थ म्हणजे मचबूस, मसाल्यात शिजविलेला मांस-भात. त्यावर पसरतात तो 'हशू' तळलेला कांदा, हरभऱ्याची डाळ आणि किशमिश यांचा केलेला असतो. आपण किसमिस म्हणतो, ते किशमिश म्हणतात. शब्द एकच आणि तो फारसी. आपल्या भाषेत या कुळातले आणखी दोन पाहुणे आहेत. बेदाणा म्हणजे बे-दाणा, ज्यात दाणा नाही तो. मनुका हा शब्द अरबी 'मुनक्का'वरून आला. त्याचा अर्थ निवडून स्वच्छ केलेला. 'द्राक्ष' हा संस्कृत शब्द आपल्या घरचा. पण ते द्राक्ष वाळले की त्याचे नाव समुद्रापलीकडून येते. व्यापाराचा इतिहास कागदपत्रांत सापडला नाही तरी शब्दांत सापडतो, तो असा.

आता या वाणाचा परिचय करून घेऊ. हे बिनबियांचे, लांबट, हिरवट-पांढरे द्राक्ष इराण-अफगाणिस्तानच्या पट्ट्यात किशमिश, तर तुर्कस्तानात सुलतानी म्हणून प्रसिद्ध आहे. १८७० च्या दशकात विल्यम थॉमसन या गृहस्थांनी कॅलिफोर्नियात याचीच लागवड यशस्वी केली आणि तेथे त्याचे नाव थॉमसन सीडलेस पडले. त्याच नावाने ते महाराष्ट्रात आले. त्यापूर्वी नाशिककडे भोकरी, फकडी, पांढरी साहेबी अशी वाणे होती. पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमा यांनी पांढरी साहेबीतून निवड करून चीमा साहेबी तयार केली होती. थॉमसनने या सर्वांना मागे टाकले. मग आपल्या बागाइतदारांनी त्या वेलीतही निवड केली. सांगली जिल्ह्यात तास-ए-गणेश आणि सोलापूरकडे सोनाका व माणिक चमन ही तिचीच लेकरे.

हे द्राक्ष तीन कामांचे आहे. ते ताजे खातात, वाळवितात आणि त्याचा पांढरा द्राक्षारसही करितात. मात्र द्राक्षारस म्हणून त्याचे वैशिष्ट्य हेच की त्याला ठसठशीत वैशिष्ट्य नाही. रस भरपूर, साखर भरपूर, गंध बेताचा. म्हणूनच १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फेसाळ द्राक्षारसाचा उद्योग उभारला, तेव्हा या ओळखीच्या देशी द्राक्षाला फ्रेंच वाणांची जोड द्यावी लागली. आणि २००० साली नाशिकजवळ सुला सुरू झाली ती शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यॉं ब्लाँ या परदेशी पांढऱ्या वाणांवर. त्या वाणांच्या पेल्यात जाणकारांना प्रदेशाची माती आणि हवा ओळखता येते. किशमिशच्या पेल्यात ती सहसा ओळखू येत नाही.

मग या द्राक्षाला प्रदेशाचा गुण मुळीच नाही काय? आहे, पण तो पेल्यात दिसत नाही, वाळवणात दिसतो. कंदाहारकडे मातीच्या, भिंतींना फटी ठेवलेल्या 'किशमिशखान्या'त घड टांगून सावलीत वाळवितात. तो बेदाणा हिरवा राहतो. इझमीरकडे घड पोटॅशच्या पाण्यात व ऑलिव्ह तेलात बुडवून उन्हात पसरतात. तो सोनेरी होतो. कॅलिफोर्नियात घड काहीही न लावता कागदावर उन्हात टाकतात. तो गडद तपकिरी होतो. सांगली-तासगावकडे पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर दोन आठवडे ठेवतात. तो पिवळसर-हिरवा निघतो, आणि त्याला आज भौगोलिक मानांकनही आहे. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. वेल एकच, रंग चार. फरक पडतो तो हवेने आणि माणसाच्या हातांनी.

सज्जनहो, आपल्या इतिहासाशी याचा संबंध येथेच येतो. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि कोकणात विसावले. कोकणच्या दमट हवेत नारळ होतो, भात होते, द्राक्षवेल टिकत नाही. म्हणजे ज्या फळावर शाब्बाथचा बेराखा म्हणावयाचा, ते फळ त्यांच्या अंगणात नव्हतेच. ते वाळलेल्या रूपात बाहेरून यावयाचे, काबूलकडून खुष्कीने आणि आखातातून समुद्रमार्गे. कुवेतची बूम जातीची गलबते शत्त-अल-अरबचा खजूर घेऊन आपल्या किनाऱ्याला येत आणि परतताना लाकूड, तांदूळ नेत. हे संबंध इतके घट्ट होते की १९६१ साली दिनार येईपर्यंत कुवेतचे चलन रुपया हेच होते. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळा रुपयाही काढला होता.

त्या कुवेतमध्येही आपले धर्मबंधू राहत होते. बसरा-बगदादकडून गेलेली यहुदी कुटुंबे तेथे व्यापार करीत आणि त्यांचे सिनेगॉगही होते. अरबी संगीतात ज्यांचे नाव आजही आदराने घेतात ते सालेह आणि दाऊद अल-कुवेती हे बंधू तेथलेच. सालेह यांचा जन्म १९०८ चा, दाऊद यांचा १९१० चा. पुढे ते इराकात गेले, तेथील संगीतावर त्यांनी आपला ठसा उमटविला आणि १९५१ मध्ये ते इस्राएलला पोहोचले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुवेतमधील ही वस्ती विखुरली. बंधूंच्या नावात गावाचे नाव मात्र राहिले.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे काळ्या मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून किद्दुशचे सरबत करण्याची रीत आहे. अलीकडे असे ऐकू येते की ही गरिबीतली तडजोड होती. आता बाटलीतला कोशेर द्राक्षारस मिळतो, तर सरबत कशाला? तरुणांच्या मनातला हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भावनेने देऊ नये, शास्त्राने द्यावे.

तलमुदातील बाबा बात्रा या ग्रंथाच्या ९७ व्या पानावर दोन प्रश्न शेजारी शेजारी येतात. एक मनुकांच्या रसाचा, दुसरा पांढऱ्या द्राक्षारसाचा. मनुकांचा रस वेदीसाठी मुद्दाम आणू नये, पण आणलाच तर तो ग्राह्य. म्हणून किद्दुशला चालतो, असा निर्णय तेथे आहे. पांढऱ्याविषयी मात्र चौथ्या शतकातील बाबेलचे पंडित राबा यांनी नीतिसूत्रांतील लाल रंगाच्या उल्लेखाकडे बोट दाखविले. पुढे तेराव्या शतकात स्पेनचे रामबान यांनी पांढऱ्या रसावर किद्दुश नाकारला. १५६५ साली छापल्या गेलेल्या शुल्हान आरूखमध्ये योसेफ कारो यांनी रामबान यांचे मत नोंदविले, परंतु पांढऱ्यावर किद्दुश चालतो हीच रूढी मान्य केली. मनुकांचा रसही त्यांनी मान्य केला, एका अटीवर : मनुका दाबली असता तिच्यातून स्वतःचा ओलावा निघाला पाहिजे. नंतरच्या भाष्यकारांनी प्रमाणही सांगितले, की मनुका पाण्याच्या सहाव्या हिश्शाहून अधिक असाव्यात.

म्हणजे पाहा, उंची पांढऱ्या द्राक्षारसावर वाद झाला. गरिबाच्या मनुकेला जागा मिळाली, पण तिचीही परीक्षा ठेवली. अमेरिकेत दारूबंदी असताना, १९२२ मध्ये, विद्वान लुई गिन्झबर्ग यांनी न आंबविलेला द्राक्षरस किद्दुशला चालतो असा निर्णय दिला. कोकणातल्या आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी तसाच प्याला दर शुक्रवारी भरला जात होता.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. ज्यांना बाटली घ्यावयाची त्यांनी अवश्य घ्यावी. ती निषिद्ध नाही. पण सरबताला तडजोड म्हणू नये आणि ते करावयाचे तर नीट करावे. कडक वाळलेल्या मनुका घेऊ नयेत, बोटांनी दाबून ओलावा पाहावा, पाणी मोजून घालावे. ही कृती आज घरोघरीच्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातात आहे, कागदावर फारशी नाही. मुलींनी आणि मुलांनीही ती त्यांच्याजवळ उभे राहून शिकून घ्यावी. नोकरीसाठी आपले मूल उद्या कुवेतला गेले, तर तेथे त्याला बाटली मिळणार नाही. किशमिश मात्र प्रत्येक दुकानात मिळेल. ती कशी निवडावी हे त्याला ठाऊक असले, म्हणजे त्याच्या टेबलावरचा शुक्रवार रिकामा जाणार नाही.

शाब्बाथ शालोम.