हाताची आठवण, डोक्याची आठवण

मंद्रूप ज्या दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात सीना आणि भीमेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख आहे. दगडामुळे मजकूर हजार वर्षं टिकला. पण अक्षर कोरताना छिन्नी किती तिरपी धरायची, घाव किती जोरात घालायचा, हे कोरणाऱ्याचं ज्ञान त्याच्या हातासोबतच गेलं.

सांगता येणारं वेगळं आणि करता येणारं वेगळं, हे आपल्याला अनुभवानं माहीत असतं. मेंदूतही त्यांच्या जागा वेगळ्या आहेत, याचा पुरावा मात्र एका अनर्थातून मिळाला.

१९५३ साली अमेरिकेत हार्टफर्ड इथे विल्यम स्कोव्हिल या सर्जननं २७ वर्षांच्या हेन्री मोलेसनच्या फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, हिप्पोकॅम्पससकट, काही भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या. पण नवी आठवण टिकेना. खोलीबाहेर गेलेला माणूस थोड्या वेळानं परत आला की हेन्रीला तो नवखा वाटे.

ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं: हात थेट न बघता, फक्त आरशात बघून चांदणीच्या दुहेरी कडांमधून पेन्सिल फिरवायची. घरी करून बघा, हात उलटाच पळतो. तीन दिवसांत हेन्रीच्या चुका झपाट्यानं कमी झाल्या. आणि दर वेळी, हे आपण आधी कधी केलंय, हेच त्याला आठवत नव्हतं. शिकलेला हात आणि कोरं डोकं, एकाच माणसात!

आता यावर शंका घेता येते. चांदणीचं काम सोपं असेल, म्हणून दुबळ्या स्मृतीलाही जमलं असेल. म्हणून उलटा पुरावा लागतो, आणि मला तोच जास्त पटतो. १९९६ साली बार्बरा नोल्टन, जेनिफर मँगेल्स आणि लॅरी स्क्वायर यांनी पत्त्यांवरून पाऊस की ऊन हे ओळखण्याचा खेळ दिला. नियम कोणी सांगत नाही, खेळता खेळता अंदाज बसतो. विस्मरणाच्या रुग्णांना अंदाज बसला, पण खेळाचा तपशील आठवेना. पार्किन्सनच्या रुग्णांचं बरोबर उलट: तपशील नीट सांगितला, अंदाज मात्र बसेना.

सांगता येणाऱ्या स्मृतीतही दोन कप्पे आहेत, असं एंडेल टुल्व्हिंग यांनी १९७२मध्ये मांडलं होतं: जगाची माहिती एकीकडे, स्वतःवर गुदरलेले प्रसंग दुसरीकडे. पुढे १९८१मध्ये कॅनडातल्या एका तरुणाला मोटरसायकलचा अपघात झाला. त्याला बुद्धिबळ येत होतं, शाळेत शिकलेलं माहीत होतं. पण आयुष्यातला एकही प्रसंग डोळ्यांसमोर आणता येत नव्हता.

हे सगळं प्रयोगशाळेतलं वाटेल. पण मंद्रूपकडच्या एखाद्या घरात, सकाळी लेक येऊन गेली हे विसरलेली आजी ज्वारीची भाकरी गोल, पातळ थापते, तेव्हा घरचे कुजबुजतात, ‘सोंग करते, नको ते बरं विसरते.’ अल्झायमरमध्ये प्रसंगांची स्मृती आधी ढासळते. हाताची सवय पुष्कळदा बराच काळ तगते. आजी खोटं बोलत नसते.

हेन्री पन्नासहून अधिक वर्षं चाचण्या देत राहिला, प्रत्येक वेळी नव्यानं. २००८ साली तो गेला. तोवर शास्त्राच्या पुस्तकांत त्याला नाव नव्हतं, फक्त ‘एच. एम.’ ही दोन अक्षरं होती.