मोडीच्या भावाचें जहाज

आपल्या भाषेंत दोन म्हणी आहेत. एक म्हणते, जुनें तें सोनें. दुसरी म्हणते, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. एरवीं या दोघी आपल्या घरांत सुखानें नांदतात. पण जुनी वस्तु विकत घेण्याची वेळ आली म्हणजे त्यांचें भांडण जुंपतें, आणि ती वस्तु एखादी नौका असेल तर तें विशेषच रंगतें. खाडीच्या चिखलांत कलंडलेलें, रंग उडालेलें, डोलकाठी गेलेलें एखादें गलबत दृष्टीस पडावें, आणि मालक तें पाण्याच्या मोलानें देण्यास तयार आहे असें कळावें, कीं भल्याभल्यांचें चित्त डळमळूं लागतें. त्यांना समोरचें गलबत दिसतच नाहीं. दिसतें तें पुढच्या मोसमांत नव्या शिडानें समुद्रावर निघालेलें गलबत! घ्यावें कीं न घ्यावें? श्रोतेहो, हा प्रश्न आज मला एका गृहस्थाच्या उदाहरणानें आपल्यापुढें मांडावयाचा आहे. त्याच्या आयुष्यांत हा प्रश्न तीनदां आला. तिन्ही वेळां त्यानें 'घ्यावें' असेंच उत्तर दिलें. आणि तिन्ही वेळां त्याचें फळ निराळें निघालें. त्या तीन जहाजांपैकीं एक आपल्या मुंबईचें होतें, म्हणून ही हकीकत आपणांस अगदींच परकी वाटणार नाहीं.

या गृहस्थाचें नांव जॉफ्री व्हीटली कॉब. वेल्समधील कॅल्डिकटचा पडका किल्ला त्यांच्या वडिलांनीं विकत घेऊन त्याची डागडुजी केली होती. म्हणजे मोडक्या वास्तूंना हात घालण्याचें वेड घरांतच होतें. सन १८९२ मध्यें इंग्लंडच्या आरमारखात्यानें 'फूद्रॉयंट' नांवाचें एक जुनें लढाऊ जहाज मोडीत विकलें. ऐंशी तोफांचें हें जहाज १७९८ सालीं पाण्यांत उतरलें होतें, आणि पुढील दोन वर्षांत कांहीं काळ त्यावर आरमारी सेनापति नेल्सन याचें निशाण फडकलें होतें. तें जर्मन मोडवाल्यांच्या हातीं गेल्याचें कळतांच इंग्लंडांत एकच गहजब झाला. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनीं त्यावर कविता लिहून सरकारची कानउघाडणी केली. लोक हळहळले. पण हळहळण्यानें कुजलेली फळी बदलत नाहीं. पदरास खार लावून तें जहाज परत मिळविलें कॉब यांनीं.

खरेदी झाली आणि दुसऱ्या म्हणींतला मसाला सुरू झाला. जहाज नेल्सनच्या काळीं होतें तसें करावें, त्यावर मुलांना नौकानयनाचें शिक्षण द्यावें, असा कॉब यांचा संकल्प. डागडुजीस सुमारे २०,००० पौंड लागले. हा पैसा कांहीं अंशीं तरी भरून यावा म्हणून जहाज समुद्रकांठच्या हवा खाण्याच्या गांवीं नेऊन तिकीट लावून दाखवावें असें ठरलें. जून १८९७ मध्यें तें ब्लॅकपूल येथें आलें. ब्लॅकपूलचा किनारा पश्चिमेस अगदीं उघडा. वादळांत आडोसा म्हणून नाहीं. १६ जूनला तुफान झालें, एक साखळी तुटली, दुसरा नांगर फरफटत गेला, आणि उत्तरेकडील धक्क्याला धडक देऊन जहाज वाळूवर चढलें. त्यावरील माणसें सुखरूप उतरलीं. जहाज मात्र पुन्हां तरंगलें नाहीं. त्याच्या तांब्याचीं पदकें आणि लांकडाच्या वस्तु करून विकण्यांत आल्या. पांच वर्षांची मेहनत एका दिवसांत वाळूला मिळाली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जहाजाला रूप आलें होतें, पैसा लागला होता, हौसही खरी होती. चुकली ती जागा. जुनी नौका घेणारा मनुष्य तिच्या फळ्या मोजतो, दोर मोजतो, आणि ती कोठें बांधून ठेवावयाची हा विचार मागाहून करतो. वस्तुतः तो विचार सर्वांआधीं करावयास हवा.

आपल्यासारख्या सामान्य माणसानें यानंतर कानाला खडा लावला असता. पण त्याच १८९७ सालीं आरमारानें दुसरें एक म्हातारें जहाज मोडवाल्याला विकलें, आणि कॉब यांनीं तें त्याच्याकडून उचललें. या जहाजाला नेल्सनचा परिसस्पर्श नव्हता. एकही मोठी लढाई त्याच्या नांवावर नव्हती. त्याचें नांव 'त्रिंकोमाली', आणि जन्मस्थान मुंबई.

नेपोलियनशीं चाललेल्या दीर्घ युद्धांत इंग्लंडला जहाजांसाठीं ओक लांकडाचा तुटवडा भासूं लागला, आणि आरमाराची दृष्टि मलबारच्या सागाकडे वळली. मुंबईच्या कोटांतील गोदींत सुरतेहून आलेल्या वाडिया घराण्याचे पारशी कारागीर अठराव्या शतकापासून जहाजें बांधीत होते. १८१० मध्यें त्यांनीं 'मिंडन' हें मोठें लढाऊ जहाज बांधून आपलें कसब सिद्धही केलें होतें. 'त्रिंकोमाली'ची मागणी १८१२ सालीं आली. तिचे आराखडे ज्या 'जावा' जहाजावर होते तें वाटेंतच अमेरिकनांनीं जिंकलें. दुसरी प्रत येईपर्यंत काळ गेला. १८१६ मध्यें मुख्य कारागीर जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं जहाजाच्या कण्यांत रिवाजाप्रमाणें चांदीचा खिळा ठोकला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं जहाज पाण्यांत उतरलें. तोंपर्यंत नेपोलियन सेंट हेलेनाला जाऊन दोन वर्षें झालीं होतीं! १८१९ मध्यें पोर्ट्समथला पोंचलेलें हें नवें जहाज युद्ध नाहीं म्हणून वर्षानुवर्षें बंदरांत नुसतें उभें राहिलें. १८४७ पासून त्यानें वेस्ट इंडीज व पॅसिफिक महासागर येथें दहाएक वर्षें चाकरी केली, आणि १८६० नंतर तें शिकाऊ खलाशांची शाळा बनलें. अशा रीतीनें अप्रसिद्धींत ऐंशी वर्षें काढून तें मोडवाल्याच्या दारांत येऊन उभें राहिलें.

मग त्यांत घेण्यासारखें काय होतें? जुनी नौका पाहावयास गेलेला जाणता सुतार रंगाकडे पाहत नाहीं. तो प्रथम दूर उभा राहून कडेची रेषा न्याहाळतो. मध्य उंचावला असेल आणि दोन्ही टोंकें झुकलीं असतील, तर कणा वांकला असें समजतो. मग हातांत टोंचा घेऊन जेथें पावसाचें पाणी साचतें अशा सांधीकोपऱ्यांत टोंचून पाहतो. खाऱ्या पाण्यापेक्षां गोडें पाणीच लांकडाचा मोठा वैरी. टोंचा लोण्यांत शिरावा तसा शिरला, किंवा हातोडीच्या ठोक्याला खणखणीत आवाजाऐवजीं बद्द आवाज आला, तर व्यवहार तेथेंच संपतो. फळी बदलतां येते, शीड नवें शिवतां येतें. पण कणा आणि फासळ्या गेल्या असतील तर जुनी नौका दुरुस्त करण्याच्या नांवाखालीं आपण नवीच बांधावयास घेतलेली असते, आणि तीही नव्याहून महाग.

सागवानाचा मोठेपणा या परीक्षेंत कळतो. सागाच्या अंगांत एक तेल असतें. तें कुजण्याला अटकाव करतें. ओकच्या लांकडांत लोखंड खाणारें अम्ल असतें. खिळा गंजतो आणि गंजलेला खिळा भोंवतालचें लांकूडही नासवतो. सागाचें व लोखंडाचें तसें वैर नाहीं. मलबारच्या रानांत वाढलेलें आणि मुंबईच्या कारागिरांनीं सांधलेलें तें लांकूड ऐंशी वर्षांनंतरही घट्ट होतें. कॉब यांनीं त्या जहाजाला बुडालेल्या जहाजाचें 'फूद्रॉयंट' हेंच नांव दिलें, फालमथच्या सुरक्षित बंदरांत तें नेऊन ठेवलें, आणि पुन्हां मुलांची शाळा सुरू केली. कीर्तिमान जहाज गेलें आणि त्याच्या नांवाचें ऋण मुंबईच्या एका अप्रसिद्ध जहाजानें फेडलें.

आतां तिसरें जहाज. १९१२ मध्यें 'इंप्लॅकेबल' या जहाजावर पाळी आली, आणि तें कॉब यांनीं सरकारकडून सांभाळावयास मागून घेतलें. हें मूळचें फ्रेंच. जन्म १८०० सालचा. ट्राफल्गारच्या लढाईंत तें नेल्सनविरुद्ध लढलें, तेथून निसटलें, आणि थोड्याच दिवसांनीं, नोव्हेंबर १८०५ मध्यें, इंग्रजांच्या हातीं सांपडलें. कॉब जिवंत होते तोंवर या जहाजाला वाली होता. १९३१ मध्यें ते वारले. पुढच्या वर्षीं मुंबईचें जहाज पोर्ट्समथला आलें आणि तेथें दोन्ही जहाजें शेजारीशेजारी मुलांना शिकवीत राहिलीं. मग दुसरें महायुद्ध आलें. त्या धामधुमींत 'इंप्लॅकेबल'ची हेळसांड झाली, आणि युद्ध संपल्यावर दुरुस्तीचा अंदाज निघाला १,५०,००० पौंड! थकलेल्या इंग्लंडनें तो दिला नाहीं, फ्रान्सनेंही नाहीं. २ डिसेंबर १९४९ रोजीं, दोन्ही राष्ट्रांचीं निशाणें चढवून, जहाज इंग्लिश खाडींत नेण्यांत आलें आणि सुरुंगानें त्याचा तळ उडवण्यांत आला. तळ गेला, वरचा सांगाडा मात्र लवकर बुडेना. तो बराच वेळ तरंगत राहिला. पाहणाऱ्यांना तें दृश्य असह्य झालें. जुनीं जहाजें वांचवूं पाहणाऱ्यांनीं पुढें या जहाजाचें नांव घेऊनच 'पुन्हां असें नाहीं' अशी प्रतिज्ञा केली.

या जहाजाचा दोष काय? बंदर सुरक्षित होतें. लांकडानें दीड शतक दम धरला होता. उणीव होती ती कॉबनंतरच्या कॉबची. जुनी नौका घेण्याचा निर्णय एकदां करून भागत नाहीं. तो दरवर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं नव्यानें करावा लागतो, आणि करणारा थकला कीं दुसऱ्यानें करावा लागतो. ज्या वर्षीं तो कोणीच करीत नाहीं, त्या वर्षीं आधींच्या साऱ्या वर्षांचा हिशेब शून्यावर येतो.

मुंबईच्या जहाजावरही ही वेळ आली. १९८६ मध्यें त्यावरील शाळा बंद झाली. परंतु या खेपेस मागें माणसें उभीं राहिलीं. १९८७ मध्यें तें हार्टलपूल येथें नेलें. या गांवचे जहाजबांधणीचे मोठे कारखाने बंद पडले होते, पण त्या कामाची परंपरा पुसली गेली नव्हती. दहा वर्षांहून अधिक काळ काम चाललें, आणि १ कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला. १९९२ मध्यें त्याला 'त्रिंकोमाली' हें जन्मनांव परत मिळालें, आणि २००१ मध्यें काम पुरें झालें. तपासणींत आढळलें कीं, निम्म्याहून अधिक लांकूड मूळचेंच आहे. पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत आज सर्वांत वडील जहाज तेंच.

कोणी म्हणेल, ह्या किल्लेदारांच्या गोष्टी. आम्हां साध्या माणसांना त्यांचा काय उपयोग? तर त्याच १८९२ सालची दुसरी एक हकीकत थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंत फेअरहेवन येथें जोशुआ स्लोकम नांवाच्या बेकार कप्तानाला एका मित्रानें शेतांत टेकू देऊन ठेवलेली, सांतआठ वर्षें पडून असलेली 'स्प्रे' ही जुनी होडी फुकट दिली. स्लोकमनें आजूबाजूचीं झाडें तोडून कणा, फासळ्या, फळ्या सर्व नवें घातलें. फुकटच्या होडीला तेरा महिने आणि ५५३ डॉलर ६२ सेंट लागले. पण स्लोकम स्वतः जातिवंत कारागीर होता, वेळ त्याच्यापाशीं होता, आणि होडी कशासाठीं हवी हें तो जाणत होता. तिच्यांतून १८९५ ते १८९८ या काळांत त्यानें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती पहिलीच.

तेव्हां श्रोतेहो, खाडीच्या कांठीं तें कलंडलेलें गलबत पुन्हां खुणावूं लागलें, तर मालकाला भाव विचारण्याआधीं स्वतःला तीन प्रश्न विचारावे. याचा कणा शाबूत आहे काय? तें बांधून ठेवावयास मजपाशीं आडोशाची जागा आहे काय? आणि माझे हात थकल्यावर टोंचा व हातोडी घेणारें कोणी आहे काय? तिन्हींचें उत्तर 'होय' असेल तर दुसरी म्हण खुशाल विसरावी. मसाल्याचा खर्च सार्थकीं लागेल. एकाचेंही 'नाहीं' असेल तर गलबताला नमस्कार करून घरीं यावें, त्यांत कमीपणा नाहीं.

जमशेटजींनीं ठोकलेला चांदीचा खिळा जहाजाला लाभावा अशी त्या कारागिरांची श्रद्धा होती. तो लाभला असेंच म्हणावें लागेल. मात्र दोनशें वर्षांत त्याच्यामागून जे हजारों साधे खिळे ठोकले गेले, आणि ज्यांनीं ते ठोकले त्यांचीं नांवें कोठेंही लिहून ठेवलेलीं नाहींत, त्यांचाही वांटा त्या पुण्याईंत आहे.