जुन्या घरांतील बिडाचे रेडिएटर

अमेरिकेच्या ईशान्य भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत बांधलेल्या अनेक घरांत खिडकीखाली बिडाचे जड रेडिएटर आढळतात. तळघरातल्या बॉयलरमधून आलेले गरम पाणी किंवा वाफ त्यांत खेळते. घराची तापनव्यवस्था सुधारायची म्हटले की पहिला घाव यांच्यावरच पडतो: ते भंगारात जातात आणि त्यांच्या जागी पत्र्याची चपटी पॅनेल येतात. बहुतेक घरांत हा निर्णय चुकतो, कारण दमलेला असतो तो बॉयलर आणि उष्णता गळते ती खिडक्यांतून व छतातून. बीड अजून शाबूत असते.

सेंट पीटर्सबर्गचे कारखानदार फ्रांझ सान गाली यांनी १८५५ च्या सुमारास रेडिएटर तयार केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अमेरिकेत १८७० च्या दशकात नेल्सन बंडी यांची बिडाची रचना लोकप्रिय झाली. १८९२ मध्ये तीन कारखाने एकत्र येऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी स्थापन झाली. रेमंड हूड यांनी या कंपनीसाठी आखलेली काळ्या विटांची, सोनेरी माथ्याची १९२४ ची इमारत मॅनहॅटनमध्ये आजही उभी आहे.

हे रेडिएटर गरजेपेक्षा मोठे का, याचे एक कारण तापन-इतिहासाचे अभ्यासक डॅन होलोहान सांगतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या सुमारास खिडक्या उघड्या ठेवण्याचा आग्रह होता. कडाक्याच्या थंडीत, उघड्या खिडकीनिशी खोली गरम राहावी, असा हिशोब तेव्हा धरला गेला. हा जास्तीचा आकार आज फार उपयोगी पडतो. पाणी ७० अंश सेल्सिअस आणि खोली २० अंश असताना रेडिएटर जितकी उष्णता देतो, त्याच्या साधारण निम्मी तो पाणी ५० अंशांवर आणल्यावर देतो. फटी बुजवून आणि छताला उष्णतारोधक थर देऊन घराची गरजच निम्मी केली, तर तोच रेडिएटर ५० अंशांच्या पाण्यावर पुरतो. कंडेन्सिंग बॉयलरला परतीचे पाणी सुमारे ५५ अंशांखाली लागते, तरच धुरातल्या बाष्पाची उष्णता वसूल होते. हीट पंपही कोमट पाण्यावरच किफायतशीर चालतो. म्हणून आधी घर, मग बॉयलर, हाच क्रम योग्य.

मात्र व्यवस्था पाण्याची की वाफेची, हे आधी पाहावे लागते. पाण्याच्या व्यवस्थेत नवा बॉयलर घराच्या उष्णताहानीवरून निवडतात. वाफेचा बॉयलर जोडलेल्या रेडिएटरांच्या एकूण मापावरूनच निवडावा लागतो. एका चौरस फुटाला ताशी २४० बीटीयू हे तिथले प्रमाण. जुन्या बॉयलरवरचा आकडा पाहून तेवढाच नवा बसवणे, ही सर्रास होणारी चूक आहे.

एकनळी पद्धतीत वाफ ज्या नळीने वर येते, त्याच नळीने तिचे पाणी खाली परतते. रेडिएटरचा ढाळ त्या नळीकडे हवा. मजला खचून तो उलटा झाला की पाणी आत साचते आणि वाफ त्याला धडका देते. रात्री घरभर ठणठणाट होतो. लांबच्या टोकाच्या पायांखाली लाकडाच्या पातळ चकत्या सरकवल्या की तो अनेकदा थांबतो. नळीवरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असावा. अर्धवट ठेवल्यास हाच त्रास होतो. बाजूच्या हवा-झडपेतून आधी हवा फुसफुसत बाहेर पडते, वाफ पोहोचली की झडप मिटते. तिच्यावर रंगाचे थर चढले असतील, तर हवा अडकते आणि रेडिएटर थंडगार राहतो. झडप बदलणे हे स्वस्तातले काम आहे. त्यासाठी रेडिएटर काढणारे लोक पाहिले की वाईट वाटते.

वाफेचे रेडिएटर पाण्यावर वळवता येतातच असे नाही. कित्येकांचे कप्पे फक्त तळाशी जोडलेले असतात, त्यामुळे पाणी नीट फिरत नाही. शिवाय वाढलेल्या दाबाने जुने सांधे गळू लागतात.

पाण्याच्या व्यवस्थेत कप्प्यांत साठलेला काळा, लोहयुक्त गाळ नव्या बॉयलरच्या अरुंद वाटा तुंबवतो. जोडणीपूर्वी तो धुऊन काढून परतीच्या नळीवर चुंबकीय गाळणी बसवावी. ॲल्युमिनिअम किंवा ब्राँझच्या झळाळीचा रंग वरून दिल्यास उष्णतेचे प्रारण घटते. साध्या रंगाने, अगदी पांढऱ्यानेही, तसे होत नाही. जुन्या थरांत शिसे आणि नळ्यांवरच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने खरवडण्याआधी दोन्हींची तपासणी आवश्यक ठरते.