पडदा भरला, पण चित्र कुठे गेलं?

मोबाइलवर जुना चित्रपट लावला, की चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. जागा वाया जाते असं वाटून आपण दोन बोटांनी चित्र मोठं करतो. पट्ट्या जातात, पडदा भरतो. पण त्याबरोबर आणखी काय जातं? उत्तर शोधायला चौकटीचा इतिहास पाहू या.

१८९२च्या सुमारास एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरली. प्रत्येक चित्राच्या कडेला चार छिद्रं. त्यातून चित्र साधारण २४ मिमी रुंद आणि १८ मिमी उंच, म्हणजे ४:३ झालं. बोलपटात ध्वनीच्या पट्टीसाठी जागा सोडावी लागली. तरी १९३२ मध्ये अमेरिकेत ठरलेलं प्रमाण १.३७:१, म्हणजे जवळपास तेच होतं. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) याच काळातला. टीव्हीनेही पुढे ४:३ स्वीकारलं.

मग अमेरिकेतले प्रेक्षक घरी टीव्हीसमोर बसू लागले. त्यांना परत आणायला चित्रपट रुंद झाला. ‘द रोब’ (१९५३) हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यात खास भिंगाने रुंद दृश्य आडवं दाबून त्याच फिल्मवर घेत आणि दाखवताना पुन्हा पसरवत. आपल्याकडे गुरुदत्त यांनी ‘कागज के फूल’ (१९५९) असा काढला. २.३५:१ चं चित्र ४:३च्या टीव्हीवर पडदाभर दाखवलं, तर सुमारे ४३ टक्के भाग कापला जातो. दोन टोकांना उभ्या असलेल्या दोघांपैकी एकच दिसतो. दिग्दर्शकाने त्यांच्यात मुद्दाम ठेवलेलं अंतर नाहीसं होतं.

१९८०च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने १६:९ हे मधलं प्रमाण सुचवलं. ४:३ आणि २.३५:१ यांचा भूमितीय मध्य काढून पाहा, जवळपास तेच येईल!

मोबाइलची रुंदी मात्र आपल्या मुठीने ठरते. पडदा मोठा करायचा तर लांबीच वाढवावी लागते. म्हणून २०१७पासून १८:९ आणि त्याहून लांबट पडदे आले. आज २०:९चे फोन सर्रास दिसतात. अशा फोनवर ४:३ चं चित्र पूर्ण पाहिलं, तर पडद्याचा ४० टक्के भाग काळा राहतो. पडदा भरला, तर चित्राचा ४० टक्के भाग जातो. टीव्हीने बाजू कापल्या, फोन डोकी आणि पाय कापतो.

वर्गात हे करून पाहा. पुठ्ठ्यात २० सेंमी × ९ सेंमीची खिडकी कापा. २० सेंमी × १५ सेंमीच्या एखाद्या समूहचित्रावर ती ठेवा आणि वरखाली सरकवा. कोण दिसेनासं झालं, आणि त्याने चित्राचा अर्थ बदलला का, हे मुलांनाच सांगू द्या.