नाग, अनंत
(४ सप्टेंबर १९४८ – ). रंगभूमी व चित्रपटांतील भारतीय अभिनेते. मूळ आडनाव नागरकट्टे, मातृभाषा कोकणी. मुंबईत सत्यदेव दुबे यांच्या नाटकांतून त्यांची जडणघडण झाली. कोकणी, मराठी व कन्नड रंगभूमीवर त्यांनी कामे केली. ‘संकल्प’ (१९७३) हा त्यांचा पहिला कन्नड चित्रपट. पण नाव झाले ते श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मुळे (१९७४). त्यातील जमीनदारपुत्राची दुबळी, भेदरलेली क्रूरता आजही अंगावर येते. पुढे ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’ व कन्नडमध्ये ‘हंसगीते’, ‘बर’ हे चित्रपट आले.

बंगळूर ही त्यांची कर्मभूमी. धाकटे बंधू शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मालगुडी डेज’ या दूरचित्रवाणी मालिकेतील जगन हा मिठाईवाला त्यांनी साकारला. १९९४ मध्ये ते मल्लेश्वरममधून आमदार झाले, मंत्रीही झाले.

त्यांचे खरे मोठेपण उतारवयातील भूमिकांत दिसते. ‘गोधी बण्ण साधारण मैकट्टु’मधील (२०१६) स्मृती हरवत चाललेला वेंकोबराव त्यांनी कुठेही कणव न मागता उभा केला; आवाजातला किंचित थांबा तेवढा पुरतो. पद्मभूषण, २०२५.