बाल अतिदक्षता विभागांचे प्रौढांसाठी रूपांतर

कोविड-१९ महामारीत प्रौढांसाठी खाटा अपुऱ्या पडू लागल्याने काही रुग्णालयांनी बाल अतिदक्षता विभागांत प्रौढ रुग्ण दाखल करून घेतले. अमेरिकेतील बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०२० मध्ये असे रूपांतर केले. मुलांमध्ये हा आजार बहुधा सौम्य राहिल्याने खाटा, व्हेंटिलेटर व प्रशिक्षित परिचारिका तेथे उपलब्ध होऊ शकल्या.

खरी अडचण जागेपेक्षा उपचारांच्या सवयींची होती. बालरोगतज्ज्ञ बहुतेक औषधांची मात्रा प्रतिकिलो वजनानुसार ठरवतात. शंभर किलोच्या रुग्णास तीच रीत लावल्यास कमाल मात्रा ओलांडली जाण्याचा धोका असतो. मुलांचे हृदय बहुधा श्वसन खालावल्याने बंद पडते, प्रौढांत मात्र हृदयविकार हे प्रमुख कारण. मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या जोडव्याधींसाठी प्रौढांच्या तज्ज्ञांचा सल्ला आवश्यक ठरतो. एरवी आईवडील खाटेशेजारी असणाऱ्या या विभागांत भेटींवरील निर्बंधांमुळे प्रौढ रुग्ण एकटे असत, हा बदलही लहान नव्हता.