पार आणि कट्टा

झाडाभोवती बांधलेल्या ओट्यास मराठीत ‘पार’ म्हणतात. ‘कट्टा’ या शब्दाचे नाते कन्नडमधील ‘कट्टे’शी आहे. दोहोंची घडण सारखीच; सामाजिक इतिहास मात्र भिन्न. गावच्या पारावर कोणी बसावयाचे हे बहुधा जात, वय व मान यांवरून ठरे. स्त्रियांस तेथे स्थान नसे. आसोदे येथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी घरात आणि शेतात, काम करता करता रचली गेली; पारावर नव्हे. ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर.

१५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले; २०१८ पासून ते बहिणाबाईंचे नाव धारण करते. विद्यापीठीय कट्ट्यावर बसावयास मानपान लागत नाही. विद्यार्थिनीही तेथे हक्काने बसतात. वर्गात प्रमाण मराठीत उत्तरे देणारा विद्यार्थी येथे अहिराणीत वा लेवा बोलीत सहज बोलू लागतो. पाराचे रूप राहिले, निर्बंध सैलावले. विद्यापीठाच्या इतिहासात इमारतींबरोबर या ओट्यांचीही नोंद व्हावयास हवी, ती याच कारणास्तव.